बदक, बोकड आणि चंपतरावांचा कूलर

आमच्या दैनिकाची रविवारची पुरवणी मी काढते. म्हणजे पाककृती, राशिभविष्य, शब्दकोडं आणि मान्यवरांचे लेख यांना एकमेकांच्या अंगावर पडू न देता चार पानांत बसवते. मान्यवरांना वाटतं, लोक त्यांचे लेख वाचतात. त्यांचा हा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. खरं म्हणजे नागपुरात आमची पुरवणी मागून उघडतात, कारण शेवटच्या पानावर तळाशी बदक आणि बोकड भांडत असतात.

ही चित्रमालिका विलायती. एका इंग्लिश खेड्यात एक बदक आणि एक बोकड शेजारी राहतात, मध्ये हिरवं कुंपण, आणि त्या कुंपणावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं. बदकाच्या डोक्यावर गोल टोपी, बोकडाच्या गळ्यात मफलर. आठवड्याला चार चौकटी, आणि चौथीत दोघांपैकी कोणीतरी चिखलात तोंडघशी. चित्रात बाराही महिने पाऊस. भांडताना दोघं एकमेकांना ‘क्षमा करा’ आणि ‘आपली हरकत नसेल तर’ म्हणतात. इंग्रजांना यात फार हसू येतं म्हणे. येवो बापडं.

शेहेचाळीस डिग्रीत, मे महिन्यात, नागपूरच्या माणसाला ते हसू आणून दाखवलं ते देवाजी वैरागडे यांनी.

देवाजीकाका आमच्या सदर भागातल्या कार्यालयात मुद्रितशोधक होते. उंच, काटकुळे, मान जरा जास्तच लांब, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. आवाज इतका हळू की शिपायाला पाणी मागायचे तर शिपाई आधी स्वतःचाच कान तपासायचा. ऱ्हस्व-दीर्घापलीकडे त्यांचं कोणाशी वैर नव्हतं. अशा माणसाकडे भांडणाची मालिका मराठीत करायला दिली, कारण ऑफिसात दुसरं कोणी ते काम घेत नव्हतं. आमच्याकडे बहुतेक कामं याच निकषावर वाटली जातात.

पहिल्या महिन्यात त्यांनी प्रामाणिकपणे भाषांतर केलं. बदक म्हणालं, “क्षमा करा, आपली शिंगे माझ्या हद्दीत आली आहेत.” बोकड उत्तरला, “आपल्या निदर्शनास आणून देतो की, हे कुंपण माझ्या आजोबांनी लावलेले आहे.” एका वाचकानं पत्र पाठवून विचारलं, हे कायदेविषयक सल्ल्याचं सदर नक्की कोणत्या वकिलाचं आहे?

मग एका मंगळवारी संध्याकाळी, प्रताप नगरच्या आपल्या घरी, देवाजीकाका कागद हातात घेऊन अंगणात येरझारा घालत होते. भिंतीपलीकडून चंपतराव ढोमणे यांनी विचारलं, काय पुटपुटून राहिला गा? चंपतराव विजेच्या खात्यातले, अर्धं आयुष्य खांबावर चढलेले, काटोलकडच्या खेड्यातून आलेले. जमिनीवर उभं राहूनही खांबावरून बोलल्यासारखंच बोलायचे. काकांनी बदकाचं वाक्य वाचून दाखवलं.

“असं कोनतं बदक बोलते गा?” चंपतराव म्हणाले.

“मग कसं बोलेल?”

“बदक म्हनन, ‘एवढं तोंड वर करून काय पाहून राहिला? आभाळात तुह्या मामाचं घर हाय काय?’”

काकांनी बोटांवर अक्षरं मोजली. चित्रकारानं फुगे इंग्रजी शब्दांच्या मापानं काढलेले, त्यात मराठी वाक्य बसवायचं म्हणजे हिवाळ्याची गादी उशीच्या खोळीत कोंबणं. पण हे वाक्य बसलं. त्या रविवारी सदरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस दुसऱ्याला मामाच्या घराबद्दल विचारत होता, आणि काका चहा न पिताच तिथून ऑफिसात आले. इतका आनंद झाला होता.

त्यानंतर प्रत्येक मंगळवारी पाच वाजता दोघं भिंतीशी उभे राहत. काका चित्रातली हकीकत सांगत, चंपतराव शब्द देत, काका मोजत. इंग्लंडचा पाऊस चंपतरावांनी एका वाक्यात नागपूरला आणला: “पाऊस कायचा, त्याचा कूलर गळून राहिला.” तेव्हापासून आमच्या मालिकेत पाऊस नाही. बोकड छत्री घेऊन उभा असतो आणि शेजाऱ्याच्या कूलरला शिव्या देत असतो. चित्रात कूलर कुठे आहे, असं आजतागायत एकाही वाचकानं विचारलेलं नाही.

आणि मग खरोखरच कूलर गळला.

ज्याला नागपूरचा उन्हाळा ठाऊक नाही त्याला सांगते, इथे कूलर ही वस्तू नसून घरातला माणूस असतो. मार्चमध्ये त्याला माळ्यावरून उतरवतात, खसच्या ताट्या बदलतात, टाकी घासतात, आणि जून उजाडेपर्यंत त्याची मर्जी सांभाळतात. चंपतरावांनी आपला कूलर स्वतः पत्रा कापून बनवला होता. पंखा गिरणीच्या मापाचा, टाकी म्हशीला बसता येईल एवढी. तो त्यांनी देवाजींच्या बाजूच्या खिडकीत लावला, आणि बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात टाकी कुठेतरी फुटली. पाणी दोन घरांमधल्या बोळीतून देवाजींच्या भिंतीत शिरलं. भिंतीला आतून लागून लोखंडी पेटी होती आणि पेटीत पहिल्या अंकापासूनची कात्रणं होती. पेटी उघडली तेव्हा बदक आणि बोकड यांचा एकच लगदा झाला होता.

आता प्रताप नगरात अशा वेळी काय करतात? भिंतीशी जाऊन बोंबलतात. पलीकडचा बोंबलतो. दोन्हीकडच्या बायका बाहेर येऊन आपापल्या नवऱ्याला आत ओढतात, आणि संध्याकाळी टाकीला एमसील लागतं. देवाजीकाकांनी हे केलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता.

काकांनी पत्र लिहिलं.

पांढऱ्या कागदावर, समास सोडून, दिनांक घालून. “सविनय निवेदन की, आपल्या शीतकयंत्रातील पाणी आमच्या हद्दीत येत असून, त्यायोगे आमच्या काही कागदपत्रांची हानी झाली आहे. आपली हरकत नसेल तर योग्य ती दुरुस्ती करावी, ही विनंती. आपला विश्वासू.” पाकिटावर पूर्ण नाव, घर क्रमांक, पिनकोड. आणि ते पाकीट स्वतः नेऊन चार पावलांवरच्या फाटकात ठेवलं. इतकी वर्षं त्या विलायती बदकाच्या सहवासात राहून माणसाचं दुसरं काय होणार?

चंपतरावांनी पत्र वाचलं आणि प्रेमलताबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले, “मी काय याच्यासाठी सरकारी हापिस झालो? तोंड नाही काय त्याले?” त्यांना पाण्याचं काही वाटलं नाही. ‘आपला विश्वासू’ त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. टाकी त्यांनी मुद्दाम दुरुस्त केली नाही, काकांनी मुद्दाम पुन्हा सांगितलं नाही, आणि भिंत दर उन्हाळ्यात ओली होत राहिली.

बायकांनी या भांडणात भाग घेतला नाही, त्यांना कामं होती. इंदूबाई वैरागडे आणि प्रेमलता ढोमणे यांच्या वाट्या भिंतीवरून येत-जात राहिल्या. पाटवडीची भाजी इकडून तिकडे, सरगुंडे तिकडून इकडे. चंपतराव इंदूबाईंच्या हातची पाटवडी खाऊन देवाजींना नावं ठेवत आणि देवाजी प्रेमलताबाईंचे सरगुंडे खाऊन गप्प राहत.

अडचण एकच होती. रविवार कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. बदक-बोकडाला शब्द हवे होते, आणि शब्द भिंतीपलीकडे होते. काकांनी स्वतःचे घालून पाहिले. दोन आठवड्यांत ‘निदर्शनास’ परत आलं. मग त्यांनी उपाय काढला. मंगळवारी पाच वाजता बोळीकडच्या खिडकीची एक फळी किलकिली उघडायची, वही मांडीवर घ्यायची आणि ऐकत बसायचं. चंपतराव भिंतीशी येऊन नळाला बोलायचे, कावळ्याला बोलायचे, कूलरला बोलायचे, आणि बिचारे फार बोलायचे. “तुले हुशार म्हनणाऱ्याचा पत्ता दे, त्याले भेटून येतो.” हे नळाला. “बुजगावनं बरं, ते निदान चूप राहते.” हे कावळ्याला. काका सगळं तारीखवार उतरवून घेत आणि रविवारी बदकाच्या चोचीत नाहीतर बोकडाच्या तोंडात घालत. स्वतःच्या मनाचं एक अक्षर नाही. म्हणजे बदकही चंपतराव आणि बोकडही चंपतराव. त्या माणसानं अकरा वर्षं छापील स्वरूपात स्वतःशीच भांडण केलं आणि दर रविवारी जिंकला.

काका निवृत्त झाले तरी हे काम त्यांच्याकडेच राहिलं. त्या भांडणाच्या वर्षीच एक गोष्ट घडली होती, ती मला फार उशिरा कळली. तिकडचा चित्रकार म्हातारा झाला आणि त्यानं मालिका संपवली. शेवटचं चित्र आलं, तेही एकाच चौकटीचं. कुंपण तोडलेलं, त्या जागी बाक, बाकावर बदक आणि बोकड. दोन फुगे. बदक विचारतं, चहा घेणार का? बोकड म्हणतो, हो, घेईन. संपलं.

देवाजीकाकांनी ते चित्र कोणाला दाखवलं नाही. टेबलाच्या खणात ठेवून दिलं आणि जुनी चित्रं पहिल्यापासून पुन्हा लावायला घेतली. तशी सोय करारात होती, ती मी नंतर तपासली. अकरा वर्षं आम्ही तीच चित्रं छापली आणि कोणाला पत्ता लागला नाही, मलाही नाही. “ताई, चित्र कोण पाहतं?” काका मला नंतर म्हणाले. “लोक शिव्या वाचतात.”

तेव्हाच का नाही लावलं ते, असं मी विचारलं. काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “इकडे बोलणं बंद आणि पेपरात चहा? ते खोटं झालं असतं.”

मागच्या वर्षी थंडीत प्रेमलताबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, संपलं. काका घाटावर गेले, सगळ्यांत मागे उभे राहिले आणि तसेच घरी आले. पुढे जाऊन दोन शब्द बोलायचे होते, पण मनात जे वाक्य जुळलं ते ‘आपल्या दुःखात सहभागी’ असं होतं, आणि ते म्हणण्यापेक्षा जीभ तुटली तर बरं असं त्यांना वाटलं. हे त्यांनी इंदूबाईंना सांगितलं आणि त्यांनी मला. वाट्या थांबल्या. त्यानंतर इंदूबाईच एकतर्फी डबा ठेवत भिंतीवर, आणि तो धुऊन परत येई.

त्याच वर्षी मे महिन्यात बातमी आली. चंपतरावांची मुलगी पुण्याला असते, ती बापाला घेऊन चालली. घर विकलं. सामान शहराबाहेर वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात आणि तिथून ट्रकनं पुण्याला, आणि चंपतराव रविवारी दुपारच्या गाडीनं.

देवाजीकाकांकडे एक अंक उरला होता. त्याच रविवारचा.

त्यांनी खणातून शेवटचं चित्र काढलं आणि वही उघडली. आपण समोर जाऊन बोलू शकणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण पेपरात बोलता आलं असतं. चंपतराव पेपर वाचूनच निघणार होते. फक्त चहा विचारणारं एक वाक्य हवं होतं, आणि तेही चंपतरावांच्या तोंडचं, कारण काकांच्या स्वतःच्या वाक्यानं एकदा काय केलं होतं ते अकरा वर्षं भिंतीत ओलं होतं. त्यांनी मंगळवारमागून मंगळवार उलटले. कूलरला, नळाला, कावळ्याला, सरकारला, उन्हाला, सगळ्यांना काही ना काही होतं. गोड एकही वाक्य नव्हतं. शेवटच्या मंगळवारीही चंपतराव भिंतीशी तासभर बोलले आणि त्यातही नव्हतं.

गुरुवारी पान लावताना आमच्या धम्मदीपनं काकांना फोन केला, की चित्र आलं पण फुगे कोरे आहेत. काका म्हणाले, “ताईंना विचारलं आहे, तसंच जाऊ दे.” मला विचारलं नव्हतं. तीस वर्षं वेलांटीसाठी भांडणारा माणूस सरळ खोटं बोलला, आणि मी त्या दिवशी आंब्याच्या पाककृतींची छाटणी करत होते, त्यामुळे पान न बघताच सोडलं. यात माझीही चूक आहे, पण ती मी ऑफिसात कबूल केलेली नाही.

रविवारी सकाळी सातपासून माझा फोन थांबेना. शब्द उडाले, शाई संपली, बोकड मुका झाला, संपादक झोपले होते काय. काकांचा फोन कोणी उचलत नव्हतं. तेव्हा मी गाडीला किक मारली आणि भांडायच्या पूर्ण तयारीनं प्रताप नगरला पोचले.

शेजारच्या फाटकासमोर सामानाचा टेम्पो उभा होता. काका अंगणात खुर्चीवर बसले होते, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखे दिसत होते. मी सगळा राग ओतला. त्यांनी ऐकून घेतला, आत जाऊन वही आणि खणातलं ते चित्र आणलं आणि सारी हकीकत सांगितली. बरीचशी मला त्या दिवशीच कळली. “माझ्या मनाचं घातलं असतं ताई, तर पुन्हा पत्र झालं असतं,” ते म्हणाले. “म्हणून मोकळं सोडलं.”

मी काही बोलणार तेवढ्यात फाटक वाजलं. चंपतराव आत आले, हातात आमची पुरवणी गुंडाळलेली. केस पांढरे, हाडं रुंद, पायांत प्रवासासाठी घातलेले नवे बूट. काकांपासून दोन हातांवर उभे राहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुमी पेपरवाल्या मॅडम काय?”

“हो.”

“मंग इचारा याले. बोकड मुका झाला काय?”

काकांनीही माझ्याकडे पाहिलं. “ताई, त्यांना सांगा, शब्द मिळाले नाहीत.”

अकरा वर्षांचा अबोला मोडायचा तर कोणाच्या तरी खांद्यावरून मोडावा लागतो, आणि त्या सकाळी तो खांदा माझा होता. दोघं एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतके जवळ, आणि मी मध्ये टेलिफोनच्या तारेसारखी.

“भेटले नाही?” चंपतराव मला ओरडून म्हणाले. “मॅडम, मंगळवारी मी घंटाभर त्या भिंतीपाशी बोंबलून राहिलो. कूलरले बोललो, नळाले बोललो. कूलर तं बंद होता, नळाले पानी नव्हतं! मंग कोनाले बोलून राहिलो होतो मी? इचारा याले, कान फुटले होते काय?”

काकांची मान हळूहळू वर आली. “ताई... म्हणजे त्यांना ठाऊक होतं?”

“मंगळवारी पाच वाजता खिडकीची फळी उघडते, अन् अंदरून पेन्सिल कुरकुरते. तीस वर्षं खंब्यावर काढले मी. करंट कुठून येऊन राहिला, समजत नाही काय मले?” मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “प्रेमलता तं म्हने, हळू बोला जरा. त्याले लिहाले वेळ भेटत नाही.”

दारात इंदूबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मला उन्हात डोळे चुरचुरतात, तसं झालं. उन्हामुळेच असेल.

काकांनी चित्र माझ्या हातात दिलं, मी ते चंपतरावांना दिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

“इंग्रजीत काय लिहिलं हाय?”

“बदक विचारतं, चहा घेणार का,” मी म्हटलं. “बोकड म्हणतो, हो, घेईन.”

“बस, एवढंच?”

“एवढंच. हे शेवटचं चित्र आहे.”

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, त्याला त्यांनी मागे न बघता एक शब्द दिला, जो फुग्यात बसला नसता. मग घसा साफ केला.

“लिहा म्हना याले. बदक म्हनते...” थांबले. “बदक म्हनते, ‘चहा घेतं काय गा, का तसाच चालला?’”

काकांनी वहीत लिहिलं. शिरोरेघ सरळ ओढली. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “आणि बोकड?”

‘ताई’ म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

चंपतराव त्यांच्याकडे पाहत म्हणाले, “बोकड म्हनते, ‘ठेव ना गा, इचारून काय राहिला!’”

आत गॅस पेटल्याचा आवाज आला आणि पातेलं वाजलं. इंदूबाईंना मजकूर आणि हुकूम यांत फरक करायची गरज वाटली नव्हती.

चहा तिघांनी अंगणातच घेतला. चंपतराव पहिल्या घोटाला म्हणाले, “फिका झाला वहिनी,” आणि काकांनी सवयीनं पेन्सिल उचलली. मग ठेवून दिली. पत्राचा विषय कोणी काढला नाही. कप खाली ठेवताना चंपतराव म्हणाले, “कूलर मांगं ठेवून चाललो. पुन्याले लागत नाही म्हने. कायचं गाव हाय ते, कूलर लागत नाही! तू घेऊन जाजो. फक्त या बोळीतल्या खिडकीत लावू नको. टाकी गळते तं मायी भिंत...” आणि तोंड तसंच उघडं राहिलं. भिंतीकडे पाहिलं. “त्यायची भिंत ओली होईन,” ते म्हणाले, आणि उठले.

काका फाटकापर्यंत गेले. टेम्पो वळेपर्यंत तिथेच उभे होते. परत आले तेव्हा रडत होते, आणि शर्टाचं वरचं बटण उघडं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही चौकट छापली, “गेल्या रविवारी मजकूर अनवधानाने राहून गेला, दिलगीर आहोत,” आणि ते चित्र शब्दांसह पुन्हा लावलं. बोकडाचं वाक्य बसलं. बदकाचं बसेना. धम्मदीप म्हणाला, ‘का तसाच चालला’ एवढं काढलं तर नेमकं बसते. काकांनी काढू दिलं नाही. फुगा मोठा केला, त्यात बदकाची अर्धी टोपी गेली. एकाही वाचकानं टोपीबद्दल विचारलं नाही.

मालिका पहिल्या चित्रापासून पुन्हा चालू आहे. मंगळवारी पाचला पुण्याहून फोन येतो. चंपतराव कसा आहेस वगैरे विचारत नाहीत, थेट तिथल्या लोकांवर सुरू होतात, आणि काकांना वही पुरत नाही.

चंपतरावांच्या घरात अश्विन नावाचा तरुण आणि त्याची बायको राहायला आलेत. दोघं दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात, फार सभ्य आहेत. यंदा एप्रिलमध्ये काकांनी कूलर लावला. बोळीतल्याच खिडकीत लावला, टाकी दुरुस्त न करता. आठवड्यानं मोबाइलवर संदेश आला. मी त्या दिवशी तिथेच होते. काकांनी मला वाचून दाखवला: “नमस्कार सर. आपल्या कूलरचे पाणी आमच्या भिंतीत येत आहे. आपली हरकत नसेल तर कृपया लक्ष द्यावे. धन्यवाद.”

“किती शुद्ध लिहिलंय,” काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

मला वाटलं, आता बसून उत्तर लिहितील. ते उठले. चप्पल न घालता तापलेल्या अंगणातून भिंतीशी गेले, टाचा उंचावल्या आणि उभ्या जन्मात कधी न काढलेल्या आवाजात ओरडले, “काहून गा अश्विन, तोंड नाही काय तुले? चहा घेतं काय, का तसाच मेसेज करत राहतं?”

पलीकडे एक खिडकी दचकून उघडली. पाच मिनिटांनी अश्विन आला, नीट भांग पाडून. चहा फिका होता, पण तो तसं म्हणाला नाही. अजून नवीन आहे.